पाच आकड्यांची विहीर

केडगावच्या बाह्यवळण रस्त्यावर भंगाराचे एक दुकान आहे. २०१७च्या पावसाळ्यात मी तिथे जुन्या रेडिओतले ट्रान्सफॉर्मर शोधायला गेलो होतो. माझा मूळ धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा. इतिहासाचा नाद नंतर लागला. मोडी वाचायला शिकलो तेही दुकानात गिऱ्हाईक नसे त्या वेळात, बाराखडीचा तक्ता काउंटरखाली ठेवून. त्या दिवशी तराजूशेजारी एक पांढरट खोके पडलेले दिसले. जेवायच्या पाटाएवढे आणि पाटासारखेच चपटे. पुढच्या बाजूला सन मायक्रोसिस्टिम्सचे चिन्ह आणि 'स्पार्कस्टेशन २०' अशी अक्षरे. दुकानदार त्याला जुना सीडी प्लेअर समजत होता. किलोच्या भावाने मी ते घेतले आणि स्कूटरवर पुढे पायांशी ठेवून घरी आणले.

पाठीमागे एका कार्यालयाच्या मालमत्ता क्रमांकाची चिकटपट्टी होती. कार्यालयाचे नाव इथे लिहीत नाही. सगळीच कार्यालये जुने सामान असेच काढतात. चिकटपट्टीवरून एवढे कळले की हे यंत्र जिल्ह्यातल्या पाणलोटाचे नकाशे करण्यासाठी वापरले जात होते. चौकशी केली तेव्हा त्या काळातल्या कागदी नोंदवह्यांना वाळवी लागल्याचे आणि उरलेल्या रद्दीत गेल्याचे समजले. यंत्राच्या पोटात मात्र एक गिगाबाइटची मूळ हार्ड डिस्क तशीच होती. या लेखाचे निमित्त ती डिस्क. पण ती वाचण्याच्या खटपटीत मी पुण्याच्या परम महासंगणकाच्या इतिहासात जाऊन पोचलो, आणि तिथे काही गोष्टी मला आजवरच्या लेखनापेक्षा वेगळ्या दिसल्या. त्या मांडणे हा लेखाचा दुसरा हेतू.

*

वर्कस्टेशन हा शब्द आता कोणत्याही टेबलावरच्या संगणकाला लावतात. १९८० आणि ९०च्या दशकांत तसे नव्हते. घरगुती पीसी एका बाजूला, खोलीभर पसरलेला मोठा संगणक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हे यंत्र: एका अभियंत्याच्या टेबलावर मावणारे, पण युनिक्सवर चालणारे, जाळ्याला जोडलेले आणि आकडेमोडीत पीसीच्या कितीतरी पुढे. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली कॅलिफोर्नियात निघाली. चार संस्थापकांपैकी विनोद खोसला हे दिल्लीच्या आयआयटीतून गेलेले. नावातला 'सन' सूर्याचा नव्हे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जाळ्याच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे. १९८७मध्ये कंपनीने स्पार्क नावाची स्वतःची प्रोसेसर-रचना आणली आणि १९९४मध्ये स्पार्कस्टेशन २०. 'टॉय स्टोरी' हा पूर्णपणे संगणकावर घडलेला पहिला लांबीचा चित्रपट १९९५ साली आला; त्याची चित्रे पिक्सारने अशाच ११७ स्पार्कस्टेशन २० यंत्रांवर तयार केली. त्यांतली ८७ दोन प्रोसेसरांची होती, ३० चार प्रोसेसरांची.

हा आकडा मुद्दाम दिला, कारण या यंत्राची खरी खुबी तिथे आहे. त्याचा प्रोसेसर मुख्य पाटीवर पक्का झाळलेला नसतो. तो पोस्टकार्डाहून थोड्या लहान अशा वेगळ्या कार्डावर असतो आणि ते कार्ड एमबस नावाच्या खाचेत दाबून बसवायचे. खाचा दोन. नवा वेगवान प्रोसेसर निघाला की जुने कार्ड काढा, नवे बसवा, यंत्र तेच. आमच्या यंत्रात ५० मेगाहर्ट्झचे एकच कार्ड होते. दुसरी खाच रिकामी, आणि तिच्यात कोळ्याने घर केलेले.

खाच रिकामी ठेवून यंत्र विकत घ्यायचे आणि पैसे आले की भरायची, ही कल्पना आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. घराला वरचा मजला चढेल म्हणून गच्चीवर सळया उघड्या ठेवतो तसेच ते आहे.

*

सी-डॅक म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात सुरू झाले, हे बहुतेक वाचकांना माहीत असेल. त्यामागची गोष्टही अनेकदा सांगितली गेली आहे. हवामानाच्या अंदाजासाठी क्रे कंपनीचा महासंगणक अमेरिकेने अटी घालून दिला, त्याहून मोठा यंत्रसंच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला मात्र नाकारला. मग मूळचे अकोला जिल्ह्यातले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात देशी महासंगणक घडला. १९९१ साली परम ८००० तयार झाला. ही गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना आपण नेहमी उद्घाटनावर थांबतो. दुरुस्तीवाल्याला उद्घाटनात फारसा रस नसतो. झाकण उघडल्यावर आत काय आहे ते त्याला पाहायचे असते.

परम ८०००च्या आत ट्रान्सप्युटर होते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा हा प्रोसेसर, मॉडेल टी-८००. याची गंमत अशी की शेजारच्या प्रोसेसरांशी बोलण्यासाठी त्याला चिपवरच चार हात दिलेले होते. एकेकटा तो काही फार वेगवान नव्हे, पण हात धरून फेर धरायला अगदी सोयीचा. म्हणून तर बंदी असलेल्या देशाला त्याच्यातून महासंगणक उभा करता आला. पण इनमॉस १९८९मध्ये दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि पुढचा टी-९००० हा ट्रान्सप्युटर रखडत रखडत शेवटी बाजारात टिकलाच नाही. पुण्याच्या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला. ज्या बैलजोडीवर गाडी बांधली तिची पैदासच बंद झाली.

यानंतर परमचे प्रोसेसर कसे बदलत गेले ते पाहा. परम ८६००मध्ये आकडेमोडीसाठी इंटेलचा आय-८६० आला, ट्रान्सप्युटर उरला तो बोलण्याचालण्यापुरता. १९९४च्या परम ९०००मध्ये ट्रान्सप्युटरवरचे अवलंबन सुटले. त्याची एक आवृत्ती सुपरस्पार्क-२ प्रोसेसरवर होती, एक अल्ट्रास्पार्कवर आणि एक डेक कंपनीच्या अल्फावर. १९९८चा परम १०००० पुन्हा सन मायक्रोसिस्टिम्सच्या अल्ट्रास्पार्क-२ वर, सेकंदाला शंभर अब्ज गणिते करण्याच्या क्षमतेचा. २००३चा परम पद्म आयबीएमच्या पॉवर-४ वर. जगातल्या पाचशे बलाढ्य संगणकांच्या यादीत तो १७१वा आला. बारा वर्षांत पाच वेगवेगळ्या घराण्यांचे प्रोसेसर, आणि नाव मात्र कायम परम.

काहींनी यावरून 'मग यात देशी ते काय?' असा प्रश्न केला आहे. प्रश्न वावगा नाही, पण माझ्या मते तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. आमच्या भागात म्हण नसली तरी अनुभव आहे की मोटेचे चाक, दोर, नाडा, सोल सगळे बदलते, विहीर बदलत नाही. परममध्ये बदलत नव्हते ते म्हणजे प्रोसेसरांना एकत्र जुंपण्याची विद्या: परास नावाची प्रणाली-साधने, पुढे परमनेट नावाचे स्वतःचे जोडजाळे. विकत मिळणारा कोणताही प्रोसेसर आणा, त्याला आम्ही फेरात उभा करू, ही तयारी. ती तयारी कोणी विकत देत नव्हते. म्हणून परम ९००० मला ८०००पेक्षा महत्त्वाचा वाटतो, जरी त्याच्यावर वर्तमानपत्रांत फार कमी छापून आले. ८००० हे बंदीला दिलेले उत्तर होते. ९००० हे विक्रेत्याच्या लहरीला दिलेले.

*

आता पुन्हा आमच्या पाटाकडे वळतो. त्याला वीज दिली तर पंख्याचा आवाज आला, पडद्यावर काही दिसायचे तर तसा पडदाच नव्हता, कारण या यंत्राच्या पडद्याची जोडणी आताच्या कशाशीच जुळत नाही. पण कळफलक न जोडता सुरू केले तर हे यंत्र पाठीमागच्या सीरियल पोर्टवर बोलू लागते. लॅपटॉप जोडला, वेग ९६०० ठेवला, आणि पहिले वाक्य आले: ओळख-माहिती अवैध आहे.

त्याचे कारण एक चिप. तिच्यात घड्याळ, यंत्राच्या सेटिंग आणि यंत्राची ओळख साठवलेली असते आणि तिच्या पोटातच एक लिथियम सेल ओतून पक्का केलेला असतो. सेल दहा-पंधरा वर्षांनी संपतो आणि यंत्र स्वतःचे नाव-गाव विसरते. उपाय दुरुस्तीवाल्यांच्या ओळखीचा आहे: कानशीने चिपचे डोके घासून आतल्या सेलच्या तारा उघड्या करायच्या, त्या तोडून बाहेरून साधा बटनाएवढा सेल जोडायचा. मी तो केला. घासण्यापूर्वी चिपवरची पिवळी चिकटपट्टी वहीत उतरवून घेतली, कारण जाळ्यावरच्या पत्त्याचे शेवटचे आकडे तिथेच असतात. पहिले आकडे ०८:००:२० हे सन मायक्रोसिस्टिम्सच्या त्या काळच्या यंत्रांचे आडनाव. मग सोळा खणांची ओळख हाताने लिहिली. सोळाव्या खणात आधीच्या पंधरांचा ताळा असतो. तो जुळला नाही तर यंत्र विश्वास ठेवत नाही. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जुळला, आणि यंत्राने 'ओके' म्हटले.

हा 'ओके' इथल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमचा, ओपनबूटचा, परवलीचा शब्द आहे. यंत्र सुरू होऊन थांबले की तो ओळीच्या सुरुवातीला येतो आणि तुमच्या हुकमाची वाट बघतो. मिच ब्रॅडली यांनी फोर्थ भाषेत रचलेल्या याच प्रोग्रॅमचे वंशज पुढे 'दर मुलामागे एक लॅपटॉप' योजनेच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये बसले. त्या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट या आदिवासी वाडीच्या शाळेत झाला. म्हणजे पिक्सारच्या कारखान्यातला 'ओके' आणि खैराटच्या पोरांच्या मांडीवरचा 'ओके' एकाच घरचा. त्या लॅपटॉपमध्येही लिनक्सच होते.

*

डिस्कवर सोलॅरिस ही कंपनीची मूळ प्रणाली होती. तिच्यातूनच का सुरू केले नाही, असे एका मित्राने विचारले. दोन कारणे. एक, परवलीचा शब्द कोणालाच माहीत नव्हता. दुसरे महत्त्वाचे: सोलॅरिस सुरू होताना डिस्क तपासते आणि तपासताना तिच्यावर लिहिते. वाळवी लागलेल्या कागदाची घडी जोरात उलगडली तर काय होते हे मोडी कागद हाताळणाऱ्याला सांगायला नको. मला डिस्कला धक्का न लावता तिची नक्कल हवी होती. डिस्क काढून आधुनिक पीसीला लावावी तर तिचे ऐंशी टाचण्यांचे तोंड घेणारे कार्ड माझ्याकडे नव्हते. या यंत्रात ती सोय आधीच होती. म्हणून ठरवले की दुसरी डिस्क शेजारी बसवायची, तिच्यावर लिनक्स चढवायचे आणि तिथून पहिली डिस्क फक्त वाचायची. लिनक्सला सोलॅरिसची मांडणी वाचता येते.

लिनक्स १९९१ साली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, इंटेलच्या ३८६ प्रोसेसरसाठी लिहायला घेतले. स्पार्कवर ते आणले ते डेव्हिड मिलर या दुसऱ्या विद्यार्थ्याने, १९९०च्या दशकाच्या मध्यावर. परम ८०००चेही साल १९९१, हे सहज लक्षात आले. याच साली आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे पुढे येतो.

सीडीवरून चढवायचा बेत फसला. यंत्राचा स्वतःचा सीडी-वाचक घरी जाळलेल्या सीडीला ओळख देईना. राहिला जाळ्याचा मार्ग, आणि इथे ती घासलेली चिप कामी आली. हे यंत्र सुरू होताना जाळ्यावर हाक मारते: माझा कारखान्यातला पत्ता अमुक, मला नाव द्या. शेजारच्या लॅपटॉपने उत्तर दिले की ते स्वतःच्या नव्या पत्त्याचे सोळा पायाच्या मोजणीत रूपांतर करते, पुढे स्वतःच्या जातीचे नाव जोडते आणि त्या नावाची फाइल मागते. ओळख कोरी असती तर हाकच मारता आली नसती. फाइल येऊ लागली तसे पडद्यावर आकडे भराभर फिरू लागले. वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने मी सगळे रात्री अकरानंतर करत होतो.

वीस मिनिटांनी यंत्र गोठले. पुन्हा सुरू केले, पुन्हा गोठले. खाच साफ केली, पंखा पुसला, तरी तेच. जुने प्रोसेसर-कार्ड तापले की बंद पडत होते. एप्रिल महिना होता आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी लोणीसुद्धा तुपासारखे होते. पण रात्री दोन वाजताही गोठल्यावर दोष उन्हाचा नाही हे मान्य करावे लागले. कॅलिफोर्नियात असलेल्या भाच्याला कळवले. दिवाळीला तो आला तेव्हा त्याच्या पिशवीत चिवड्याच्या डब्याएवढ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन कार्डे होती, ७५ मेगाहर्ट्झची जोडी. कस्टमवाल्याने काय आहे विचारले तर याने मामाचे रेडिओचे सामान म्हणून सांगितले, आणि ते एका अर्थी खरेच होते.

कार्डावरचा मजकूर भिंगातून वाचला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बनवलेला सुपरस्पार्क-२. परम ९०००च्या एका आवृत्तीत होता तोच प्रोसेसर. पुण्याचा महासंगणक आणि नगरच्या भंगारातले यंत्र यांच्यात असा भाऊबंदकीचा धागा निघाला, आणि वरचे परम-प्रकरण मी तिथून पुढे वाचायला घेतले. आधी नाही.

दोन्ही कार्डे बसवली. कोळ्याला खाच सोडावी लागली. यंत्र गोठायचे थांबले. आता लिनक्सची कोणती आवृत्ती, हा प्रश्न. मी स्वाभाविकपणे त्यातल्या त्यात नवी घेतली: डेबियन ४.०, २००७ची. जुन्या ३२-बिटी स्पार्कला आधार देणारी डेबियनची ती शेवटची आवृत्ती. चढवले, सुरू झाले, आणि विचारले की प्रोसेसर किती. उत्तर आले, एक. कार्ड उलटसुलट करून पाहिली, खाचा बदलल्या, एकच. दोन दिवस मी हार्डवेअरला दोष देत बसलो. मग कळले की कर्नेलच्या २.६ मालिकेत या जातीच्या यंत्रांवरचा दोन प्रोसेसरांचा आधार मोडला होता, आणि दुरुस्त करायला पुरेशी माणसे उरली नव्हती. डेबियन ३.१, म्हणजे २००५ची, आणि तिच्यातला २.४ मालिकेचा कर्नेल घेतला. उत्तर आले, दोन.

यंत्राला पुढे न्यायचे तर प्रणालीला मागे न्यावे लागले. इतिहास लिहिणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल: जुनी लिपी वाचायची तर आताचा शब्दकोश उपयोगी पडत नाही, त्या काळचाच लागतो.

*

नक्कल घ्यायला रात्र गेली. काही जागी डिस्क खराब होती, तिथे शून्ये भरली गेली. बाकी शाबूत. नकाशांच्या मोठ्या फाइली एका अशा प्रोग्रॅमच्या होत्या जो आता माझ्याकडे चालत नाही. त्या बाजूला ठेवल्या. पण एका कप्प्यात साध्या मजकुराच्या फाइली होत्या. उघडल्या तर डोक्यावर टोपी घातलेला ओ, तशीच टोपी घातलेला यू, पोटातून काप गेलेला ओ, दोन ठिपक्यांचा यू, दोन ठिपक्यांचा आय. मग काही साधे आकडे. पुन्हा तीच टोपीवाली मंडळी.

मोडीतला अनोळखी हात वाचताना आम्ही जे करतो ते केले. अक्षर सोडून खुणा मोजल्या. संगणकाला प्रत्येक खूण हा एक आकडा. सगळ्या खुणा १६०च्या वरच्या होत्या आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा २१८. मराठी मजकुरात सगळ्यात जास्त काय येते? काना. आणि टोपीवाल्यांची ती पाच जणांची रांग म्हणजे २१२, २१९, २१६, २२०, २०७, जवळजवळ प्रत्येक ओळीत.

ती इस्की होती. भारतीय लिप्यांसाठी संगणकावर एकच संकेतमाला असावी म्हणून १९८८मध्ये तिचा एक मसुदा झाला आणि १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून ती पक्की झाली, आयएस १३१९४. तिच्यामागे आयआयटी कानपूरला सुरू झालेले जिस्ट तंत्र होते. मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी ते घेऊन सी-डॅकमध्ये आले. जिस्टची कार्डे पीसीत बसत, जिस्टचे टर्मिनल युनिक्सच्या यंत्रांना जोडता येत. कल्पना साधी आणि फार खोल होती: भारतीय लिप्यांचे आकार वेगळे, पण वर्णमाला एकच, म्हणून संकेत आकाराला न देता वर्णाला द्यायचा. क चा आकडा १७९. तो देवनागरीत क दाखवेल, बंगालीत त्यांचा क, तेलुगूत त्यांचा.

त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरून घेतलेली आहे. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो तेव्हा खाली जी वर्णांची ओळ चालते ती त्या मांडणीची. सी-डॅकची ख्याती परममुळे झाली आणि ते स्वाभाविक आहे. परंतु ज्या ट्रान्सप्युटरांनी इतिहास घडवला ते आज संग्रहालयात किंवा भंगारात आहेत, आणि ज्याच्यावर कोणी अग्रलेख लिहिला नाही तो वर्णांचा क्रम रोज कोट्यवधी लोकांच्या बोटाखाली आहे. सी-डॅकच्या कामाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा क्रम उलटा लावून पाहावा, असे मी सुचवतो.

तक्ता समोर ठेवून रांग सोडवली. २१२ व, २१९ पहिली वेलांटी, २१६ ह, २२० दुसरी वेलांटी, २०७ र. विहीर.

एका ठिकाणी अडलो. २०८, मग २३२, मग २०५. २३२ हा हलन्त, २०५ य. पण २०८ म्हणजे दाक्षिणात्य लिप्यांसाठी ठेवलेला कठोर र. संगमनेरच्या पठारावरच्या नोंदीत तमिळ र कशाला? शब्द पूर्ण मांडला तेव्हा उलगडले: 'खोऱ्यातली'. मराठीचा अर्धा र, ज्याला हिंदीत जागा नाही, त्याने दक्षिणेकडच्या शेजाऱ्याचे घर भाड्याने घेतले होते. युनिकोडमध्येही तो अजून त्याच घरात राहतो.

*

फाइली होत्या विहिरींच्या पाहणीच्या. संगमनेर तालुक्याच्या पठार भागातली काही गावे, १९९०च्या दशकाच्या मध्यातली. गाव, विहिरीचा क्रमांक, खोली, कार्तिकातले पाणी, चैत्रातले पाणी आणि शेवटी शेरा. खोली परसात लिहिलेली, कुठे कुठे फुटात. शेऱ्यात शेतकरी बोलतो तसे: मोटर दोन तास. मोटर अर्धा तास, मग थांबून पुन्हा अर्धा. पिण्यापुरते. पाझर तलावाचे पाणी लागले. हा तो काळ, जेव्हा राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारची नावे जिल्ह्याबाहेर जात होती आणि गावोगाव लोक पाणी मोजायला शिकत होते. त्यानंतर बोअरवेल आल्या, विहिरी मागे पडल्या, बऱ्याच बुजल्या. बोअर येण्यापूर्वी जमिनीत पाणी किती वर होते याची या गावांपुरती ही नोंद आता दुसरीकडे कुठे नाही. पाण्याचा ताळेबंद मांडायचा तर कुठून तरी आरंभ लागतो.

गावनिहाय छापून मी त्या गावांत नेऊन दिल्या. दोन ठिकाणी ग्रामसेवकांनी पोच दिली. एका ठिकाणी एका जुन्या शेतकऱ्याने तिथल्या तिथे तीन विहिरींचे क्रमांक चुकले असल्याचे दाखवले, आणि तो बरोबर होता. टंकणाऱ्याने ओळ खाली सरकवली होती. ती दुरुस्ती मी वेगळ्या रंगात केली, मूळ पुसले नाही.

त्यांतले एक गाव माझे आजोळ. आमचे मामा हयातभर सांगत, आपली विहीर बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा आटली नाही. बहात्तरचे मला माहीत नाही. छापील कागदावर त्यांच्या विहिरीपुढे चैत्राच्या रकान्यात एकच शब्द होता: कोरडी. शेऱ्यात, रात्री टँकर. मामा जाऊन नऊ वर्षे झाली, विहीर बुजवून तिथे आता गोठा आहे. कागद मामींना वाचून दाखवावा की नाही, यावर मी आठवडाभर घोळलो. शेवटी वाचला.

मामी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते वर्ष मला ठावं हाये. टँकर रातच्याला यायचा. त्यांनी कुणालाच सांगू दिलं न्हाई." कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, त्यांना वाचता येत नाही. "तुला कुठं घावलं रे हे?"

मी सांगायचा प्रयत्न केला. दोन प्रोसेसरांपर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी चहा ठेवायला उठून विषय संपवला.

डिस्कवरच्या फाइलींच्या यादीत आणखी एक नोंद आहे. पाहणीची दोन वर्षे डिस्कवर मावेना म्हणून टेपवर हलवल्याची. ती टेप, पाव इंची, यंत्राबरोबरच त्याच पोत्यात होती. दुकानदाराने ती फुकट दिली होती. टेप वाचायचे यंत्रही आता मिळाले आहे. त्याच्या चाकाचे रबर वितळून डांबर झाले आहे आणि तसेच ते चालवले तर टेप त्याला चिकटून फाटेल. सायकलच्या ट्यूबचे कडे कापून बसवून पाहिले, जाड झाले. सध्या शिलाई मशीनच्या पट्ट्यावर प्रयोग चालू आहे.